सुरतेला जाऊन खाल्लेली माती

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. तोंड चालू आणि डोकं बंद ठेवलं की आपोआप साठतात. माझ्याजवळ पोतंभर आहेत. हे सुरतेचे सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. शिरपूरच्या कापसाच्या जिनात माझ्यासोबत काम करणाऱ्या नानाची माय वारली. तिचा जन्म तापीकाठी गेला. नेहमी म्हणायची, "हाई तापी कोठे जास, माले एकदाव देखनं शे." ते बघायचं राहून गेलं. म्हणून नाना तिच्या अस्थी समुद्रात सोडायला निघाला. सोबत मी. मला कोणी बोलावलं नव्हतं!

* * *

नरडाण्याला गाडीत बसलो. नानाच्या मांडीवर मडकं, तोंडाला लाल फडकं. समोरच्या गुजराती बाईनं विचारलं, "ह्यात काय?"

खरं सांगितलं तर बाई डबा डोक्यावर घेईल. मी म्हणालो, "लोणचं!"

दुपारी तिनं ठेपले काढले, आम्हाला दोन-दोन दिले आणि हात पुढं केला. "थोडं लोणचं काढा की!"

"अजून मुरलं नाही," मी म्हणालो.

बाई सुरतेपर्यंत तोंड फिरवून बसली. नाना हळूच म्हणाला, "भाऊ, माय शे ती मनी!"

* * *

सुरतेत एक मोठा घुमट दिसला. मी जोडे काढले, नारळ फोडला, साष्टांग घातला. नानालाही घालायला लावला. तेवढ्यात रखवालदार आला. "काका, जुन्या इंग्रज साहेबाचं थडगं आहे हे."

झेंडा घेऊन गावभर ओरडत फिरलेला माणूस मी! राज्य गेलं, तरी बेट्यानं नमस्कार करवून घेतलाच.

* * *

मग नदीपल्याड रांदेर गावात गेलो. पाय दुखत होते. एका ओट्यावर झोपाळा दिसला. मला वाटलं, धर्मशाळा. आडवा झालो आणि आतल्या म्हाताऱ्याला ओरडलो, "ए, पाणी आण! थंड आण!"

त्यानं आणलं. चहाही आणला. निघताना मी विचारलं, "मालक कुठंय?"

"हा काय, तुम्हाला पाणी देतोय," म्हातारा म्हणाला.

* * *

दुसऱ्या दिवशी नाव करून तापीच्या मुखाशी गेलो. पुढं नुसता समुद्र. नानानं फडकं सोडलं, तसा नावाडी म्हणाला, "थांबा. भरती चढतेय. ओहोटी लागू द्या, मग सोडा."

"किती वेळ?"

"दोन-तीन तास."

माझं डोकं फिरलं. "तापी मला शिकवू नको! जन्म गेला काठावर. नदी खालीच वाहते. नाना, सोड!"

नानानं माझ्याकडं पाहिलं. मग नावाड्याकडं. माझं ऐकलं त्यानं.

मडकं रिकामं झालं. राख आणि झेंडूची फुलं समुद्राच्या बाजूला हातभर गेली. थांबली. मग वळली. नावेला घासून मागं निघाली, वर, आम्ही आलो त्या दिशेला. नावाड्यानं वल्हं उचलून धरलं, फुलांना लागू नये म्हणून.

फुलं दिसेनाशी होईपर्यंत नाना उभा होता.

"भाऊ," तो म्हणाला, "माय घर चालनी."