खिडकीत कोण बसायचं

सोलापूरच्या भवानी पेठेत सिद्धेश्वरीची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीपेक्षा तिच्या तोंडाचा आवाज मोठा, असं पेठेतले लोक म्हणतात. तिच्यासमोर म्हणत नाहीत, एवढी अक्कल त्यांना आहे. ओलसर ज्वारी दळायला आणणाऱ्याच्या हातात ती डबा जसाच्या तसा परत देते, वर त्याच्या घरच्यांचीही विचारपूस करते. तिचा नवरा नागप्पा वजनकाट्याशी बसतो आणि गिऱ्हाइकाकडे बघून नुसता हसतो. घरात एकानं बोलायचं आणि एकानं निस्तरायचं, असं त्यांचं फार वर्षांपासून ठरलेलं आहे. पेठ तिला सिद्धव्वा म्हणते.

अशा या बाईला आयुष्यात नमवलं ते फक्त एसटीनं. तिला गाडी लागायची. माहेर अक्कलकोटच्या पुढं, मैंदर्गीला. स्टँडात डिझेलचा वास आला की तिचं तोंड पांढरं पडायचं. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, कुणाच्या तरी सांगण्यावरून पोटाला वर्तमानपत्र बांधूनही झालं. कशाचा काही उपयोग नाही. लग्नाकार्याला पोचली की पाहुणे विचारायचे, "सिद्धव्वा आली का, का अजून खिडकीतच लोंबतीय?" ती त्यांना कन्नडमध्ये अशी काही उत्तरं द्यायची की मराठी पाहुणेही समजून जायचे.

तिची एकुलती एक लेक अंकिता बंगळूरला आहे. विमानाच्या आतली रचना ठरवणाऱ्या एका कंपनीत ती काम करते. सध्या तिच्याकडं एक नवं प्रवासी विमान आहे. विमान कसलं, अजून कागदावरच आहे. त्या विमानाला खिडक्या नाहीत, आणि ही कल्पना अंकिताची. खिडकी म्हणजे विमानाच्या अंगाला पाडलेलं भोक, त्याच्याभोवती मजबुती आली, मजबुतीबरोबर वजन आलं. खिडक्या काढल्या की विमान हलकं, इंधन कमी. भिंतीवर पडदे लावायचे आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून आभाळ त्यावर दाखवायचं. कंपनीतल्या काही जणांना हे पटत नव्हतं. बंद डब्यात माणूस गुदमरेल, त्याला मळमळेल, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आठवड्यात मोठ्या बैठकीत सोक्षमोक्ष लागणार होता.

सिद्धव्वाला यातलं एवढंच माहीत होतं, की लेक सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात भाषण द्यायला येतेय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कॅमेरेवाला घरी येऊन आईचे चार शब्द टिपून नेणार, ते त्या बैठकीत दाखवणार. काय बोलायचं ते अंकिता सांगणारच होती. लेकीच्या साहेबांसमोर आपलं तोंड दिसणार, म्हणून सिद्धव्वानं ट्रंकेतलं इरकल लुगडं काढून उन्हात घातलं होतं.

कॉलेजच्या सभागृहात सिद्धव्वा आणि नागप्पाला पहिल्या रांगेत बसवलं. अंकिता बोलायला उभी राहिली, पडद्यावर विमानाचं पोट दिसलं. दोन्ही बाजूंना सलग भिंती, भिंतींवर ढग. सुरेख होतं, यात वाद नाही. मग अंकिता म्हणाली, "अगदी पुढच्या भागात थोड्या खऱ्या खिडक्या ठेवल्या आहेत. तिथलं तिकीट वेगळं असेल."

"म्हंजे पैशेवाल्यास्नी आभाळ आन् आमाला टीव्ही," सिद्धव्वा नवऱ्याच्या कानात म्हणाली. तिचं कानात बोलणं तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. नागप्पानं तिच्या हातावर हात ठेवला.

शेवटी मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, खिडकी नसली तर लोकांना जास्त मळमळणार नाही का?"

अंकिता हसली. या प्रश्नाची ती वाटच बघत असावी. "माझी अव्वा, म्हणजे आई, समोर बसली आहे," ती म्हणाली. "तिला गाडी लागते. लहानपणी आम्ही दर सुट्टीत एसटीनं आजोळी जायचो. अव्वा कायम खिडकीत बसायची. डोकं बाहेर, तोंडावर वारा, समोर मोकळं रान. आणि तरी सगळा रस्ता उलट्या. म्हणजे खिडकीनं काही होत नाही. खिडकीचा आधार हा आपल्या मनाचा खेळ आहे."

सभागृह हसलं. प्राचार्य हसले. मागची पोरं माना उंचावून इरकल नेसलेल्या बाईकडे बघू लागली. सिद्धव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या जागी दुसरं कुणी बोलणारं असतं तर तिनं त्याला उभ्या सभागृहात सोलून काढलं असतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. कार्यक्रम संपला तशी ती चहाला न थांबता उठली आणि नागप्पाला घेऊन रिक्षानं थेट गिरणीवर आली. इरकलाचा पदर खोचला आणि दळण सुरू केलं.

तासाभरानं अंकिता आली. हातात कॉलेजनं दिलेला हार, कपाळावर आठी. "अव्वा, न सांगता निघून आलीस. सर विचारत होते. लोक हसले ते प्रेमानं हसले गं."

सिद्धव्वानं गिरणी बंद केली. ते बघून दळणाला आलेल्या दोन बायका आपापले डबे घेऊन बाहेरच्या पायरीवर सरकल्या.

"हसू दे की. हसण्याचं मला काय हाय? जन्म गेला माजा ह्या लोकांच्या हसण्यात. तू खोटं का बोललीस ते सांग."

"खोटं? काय खोटं बोलले मी? तुला गाडी लागायची नाही?"

"लागायची. खिडकीत कोण बसायचं?"

"तू."

"मी?" सिद्धव्वाचा आवाज असा चढला की पायरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "मी बसायची खिडकीत? गर्दीत घुसून, खिडकीतनं दस्ती-रुमाल टाकून जागा मी धरायची. आन् बसवायची कुणाला? तुला. खिडकी न्हाय मिळाली तर भोंगा पसरायचीस तू. ही म्हस कुणाची, ती हिर कुणाची, तितं काय पेरलंय, मैंदर्गी येईस्तवर तुजी टकळी चालू. मी मदी बसायची. या बाजूला तू आन् त्या बाजूला कुणीतरी तंबाकू मळणारा. पोटात ढवळलं की तुज्या मांडीवरनं वाकून डोकं भाईर काढायची. आन् उलटी झाली की परत मदी."

अंकितानं हार बाकावर ठेवला. तिला आईचे वाऱ्यानं उडणारे केस आठवत होते, खिडकीच्या गजावरचा तिचा हात आठवत होता. तो हात कुठून आलेला असायचा, हे आत्ता कुठं तिच्या ध्यानात येत होतं. मांडीवरचं ते ओझंही तिला आठवलं.

"मला तसंच वाटत होतं, अव्वा. खरंच," ती म्हणाली.

"वाटंल. खिडकीत बसलेल्याला मदलं मानूस कशाला दिसतंय?" सिद्धव्वा थांबायला तयार नव्हती. "त्या खिडकीत बसून लहानाची मोठी झालीस. आन् आता लोकांच्या खिडक्या बुजवाय निघालीस. बुजव. तुजं शिक्षण हाय, तुजी कंपनी हाय. पण माज्या उलट्यांचा दाखला देऊन बुजवू नकोस."

"अव्वा, ऐक ना. पुढच्या आठवड्यात सगळं ठरणार आहे. मळमळीच्या मुद्द्यावर माझ्याकडं हीच एक गोष्ट आहे, आणि ती ऐकून लोक गप्प होतात. उद्या तो माणूस येतोय. तू फक्त एवढं सांग, की गाडी लागायची आणि कशानंच थांबायची नाही. खिडकीचं नावसुद्धा काढू नकोस. एवढं तर खरं आहे ना?"

नागप्पा वजनं उगाच इकडची तिकडं करत होता. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"ते बी खरं न्हाय," सिद्धव्वा म्हणाली. "थांबलं की ते."

"थांबलं? कधी?"

"तू पुण्याला हॉस्टेलात गेलीस त्या साली. तवापासनं मैंदर्गीला एकटीच जाते. जागा धरते आन् खिडकीत बसते. एकदा बी उलटी न्हाय."

अंकिताचा चेहरा उतरला. तिच्या कामात ती हुशार होती, त्यामुळं याचा अर्थ तिला कुणी फोडून सांगायची गरज नव्हती. "मला कधी बोलली नाहीस," ती पुटपुटली.

"तू कवा इचारलंस?" सिद्धव्वानं पायरीवरच्या बाईला हाक मारून डबा आत मागवला आणि झाकण काढून ज्वारी हातानं चाचपली. "उद्या येऊ दे त्या कॅमेरेवाल्याला. मी बोलते की. आत्ता तुला सांगितलं तेच सांगते."

गिरणी पुन्हा सुरू झाली. अंकिता बाकाजवळ तशीच उभी राहिली. कॅमेरेवाल्याला येऊ नको म्हणून कळवायला तिनं फोन हातात घेतला होता, पण आईसमोर तो लावायचं तिला धाडस होईना.