बसून

“आधी विचारा, मग मोजा.” अर्थशास्त्राच्या बाई दरवर्षी पहिल्या तासाला हे फळ्यावर लिहीत. घरीही येताजाता तेच. त्यांच्या थोरल्या भावाला, निवृत्त पोस्टमनला, ते इतकं पाठ झालं होतं की बाईंनी तोंड उघडलं की तो ओठ हलवायचा. त्या सकाळी मात्र बाई सरकारी अहवालावर नुसता हात ठेवून बसल्या होत्या.

तीस वर्षांपूर्वी बाई संशोधनाला लागल्या तेव्हा मदतीला माणूस ठेवायची ऐपत नव्हती. दादाने रजा टाकून विणकरांच्या वस्तीतली चारशे घरं पालथी घातली. गिरणी आल्यापासून घरातल्या बायका काय करतात, हा प्रश्न. उत्तर घरोघर एकच. दादाने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘बसून असतात’. बाईंनी अर्थ लावला, काम सुटलं. त्यावर प्रबंध उभा राहिला, पुस्तक झालं, सातासमुद्रापलीकडून बोलावणी आली. गिरणी आली की बायकांच्या हातचा माग सुटतो, हा बाईंचा नियम पोरं परीक्षेत लिहू लागली.

आता त्याच नियमावर बोट ठेवून सरकार वस्तीतल्या बायकांची नावं विणकरांच्या यादीतून काढणार होतं. नाव गेलं की दवाखान्याची सवलतही गेली. अहवालावर बाईंची सही तेवढी राहिली होती.

सही करण्याआधी एकदा पाहून यावं, म्हणून काल दोघं वस्तीत गेली. एक म्हातारी ओट्यावर सूत उकलत होती.

“सून काय करते?” बाईंनी विचारलं.

“काय करणार? आठाला बसते ती पाचाला उठते.”

“कुठं बसते?”

“कुठं म्हणजे? मागावर. तुमच्याकडं बायका हवेत बसतात का?”

आतून मागावरच्या धोट्याचा खटखटाट येत होता. दादाला आपल्याच अक्षरातलं ‘बसून असतात’ आठवलं.

आज त्याने मनाचा हिय्या करून सांगितलं, “अगं, भावाने चुकीचं लिहिलं म्हणून सांग. माझं काय जातंय?”

“तू ऐकलंस तेच लिहिलंस, दादा. बसून म्हणजे काय, हे विचारायचं काम माझं होतं.”

“मग सही कर आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. साऱ्या जन्माच्या कमाईवर पाणी सोडू नकोस.”

“तोवर त्यांची नावं गेलेली असतील.”

अकराला वस्तीलगतच्या सरकारी कचेरीत सभा सुरू झाली. दादा बाहेर बाकावर बसला. दार अर्धवट उघडं होतं.

“सही नाही?” साहेबांचा आवाज आला. “अहो मॅडम, नियम तर तुमचाच ना?”

“माझाच. तो चुकला आहे. तसं लिहून आणलंय.”

आत कुणी खोकलं, खुर्ची सरकली. शेवटी साहेब म्हणाले, “मग यादी आहे तशीच ठेवावी लागेल. पण हे बाहेर कळलं की तुमचं नाव राहायचं नाही.”

“कळू दे. मीच छापणार आहे.”

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. काखेत नव्या पाहणीच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. दादा उठू लागला, गुडघा कटकन वाजला.

“तू बस,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे नेमकं काय करू?”

सकाळपासून पहिल्यांदा त्या हसल्या. मग जिना उतरून वस्तीच्या रस्त्याला लागल्या. दादा कठड्याला धरून बघत राहिला. पहिल्या घरापाशी त्या थांबल्या आणि दाराची कडी वाजवली.