जखम ज्याची, चिठ्ठी त्याला

ये गं सुनंदा, अशी जवळ ये. समोर असतीस तर आधी कान धरला असता, मग चहा. मनवेलपाड्याहून निघून शाळेच्या फाटकापर्यंत आलीस, खिडकीतून आत सगळे पुरुष बसलेले बघितलेस आणि पाठ फिरवलीस? मी पाहिलं तुला. नवऱ्यासाठी आले होते असं मला सांगू नकोस. तुझा नवरा सोडासुद्धा पीत नाही. माझाही पीत नसे. म्हणून तर लिहायला बसले.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. पोस्टिंग उत्तरेला, फील्ड हॉस्पिटल, सर्जिकल वॉर्ड. पहाटे उठायचं, स्टोव्हवर पाणी तापवायचं, ड्रेसिंगचे ट्रे लावायचे, राउंड. रोज तेच. वर डोंगरात जवान जखमी झाला की मेडिकल असिस्टंट त्याच्या शर्टाच्या बटणाला चिठ्ठी बांधतो. नाव, नंबर, जखम कुठे, कोणतं इंजेक्शन दिलं. तिला आम्ही टॅग म्हणायचो. टॅग ज्याचा त्याच्या अंगावरच हवा. स्ट्रेचरवर नाही, पांघरुणावर नाही.

एका दुपारी वायरलेसवर निरोप आला. "चार स्ट्रेचर. निघाले." चारही आले. मी मॉर्फिनची सिरिंज भरून पहिल्यापाशी गेले. मागून सर्जनसाहेब.

"सिस्टर, टॅग?"

"ब्लँकेटला आहे, सर. इंजेक्शन दिल्याची नोंद नाही."

"ब्लँकेट जखमी आहे का?"

"नाही, सर."

"मग जवानाला विचारा."

मी वाकून नाव विचारलं. त्यानं सांगितलं ते टॅगवर नव्हतंच. वाटेत दुसऱ्या एका जखमीनं मायेनं आपलं ब्लँकेट याच्यावर घातलं होतं, टॅगसकट. "सुई तो ऊपर लग गई, सिस्टर," तो म्हणाला. दुसरी सुई गेली असती तर श्वास थांबला असता पोराचा. मायेनं घातलेलं ब्लँकेट हो, पण त्यानं माणूस मेला असता.

त्या संध्याकाळी मी आणि माझी रूममेट लिली, तीही कॅप्टन, गरम पाण्यात रम घेऊन बसलो. थंडी फार होती. पुढे थंडी नसतानाही बसलो.

नोकरी संपली, मी निर्मळला घरी आले. माझ्या नवऱ्याची, नानांची केळीची वाडी, माझं मिलिटरी कँटीनचं कार्ड, त्यावर स्वस्त रम. कुणाकडे हळद निघाली की लोक हमखास आमच्या ओट्यावर. "मॅडम, मिलिटरीचा माल मिळेल का?" मिळायचा. काही बाटल्या ओट्यापर्यंत पोचायच्या, काही नाही. एक फ्रान्सिसभाऊ तेवढे केळी घ्यायला यायचे आणि बाटली देऊ केली तर हात जोडायचे. "सोडली, मॅडम. रविवारी चर्चच्या शाळेत बसतो आम्ही सोडणारे." मी हसले होते तेव्हा.

मग एसटीडी बूथवर फोन आला. लिली गेली. तिचा भाऊ म्हणाला, कावीळ झाली. मी बूथमध्ये उभी राहिले आणि मला कळलं की माझीही 'कावीळ' वाटेत आहे.

रविवारी नानांना म्हटलं, स्कूटर काढा. त्यांनी कारण विचारलं नाही.

शाळेत तिसरीचा वर्ग. एवढेसे बाक, त्यांवर मोठे बाप्ये, गुडघे हनुवटीला. फ्रान्सिसभाऊ दारात होते. त्यांनी थेट नानांना मिठीच मारली. "या नाना, या! पहिल्यांदा यायला छाती लागते. मॅडम, घरच्या बायका शेजारच्या वर्गात बसतात. चहा तिकडेच येईल."

मी नानांकडे बघितलं. नाना बाकावर बसले. आयुष्यात ज्यानं ताडीसुद्धा चाखली नाही तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "हो. मीच." आणि मला हळूच, "जा तू तिकडे. तुला कोन काय बोलायला नको. मला बोलू दे गाव."

सुनंदा, मला ते ब्लँकेट आठवलं.

"उठा नाना," मी म्हटलं. "टॅग चुकीच्या माणसाला लागलाय."

"अगं, लोक आहेत."

"लोकांसाठीच बोलतेय. फ्रान्सिसभाऊ, हे केळी विकतात. पिणारी मी आहे."

फ्रान्सिसभाऊंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोण, मॅडम? परत सांगा."

"परत सांगते. मी. कॅप्टन होते, दारुडी आहे."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मॅडम, मिलिटरी रमच का?"

"हो. आणि तुमच्या भाच्याच्या हळदीला दोन बाटल्या कमी पडल्या होत्या ना, त्याही माझ्याच पोटात गेल्या."

हशा झाला. पण फ्रान्सिसभाऊ अजून दार अडवूनच. "तसं नाही, मॅडम, आपल्यात अजून बाई कुणी..."

"स्ट्रेचर उचलताना मला कुणी विचारलं नाही बाई आहेस का म्हणून. सरका."

ते सरकले. मी पुढच्या बाकावर बसले. नाना शेजारच्या वर्गात जाऊन बायकांबरोबर चहा प्यायले. नंतरही दर रविवारी तिथेच बसायचे, एकटा पुरुष. बायका त्यांना केळफुलाच्या भाजीची कृती विचारायच्या.

गावात बोलले लोक. बोलू देत. मी मान वर करून बाजारात गेले, अजून जाते.

फौजेत जवान पडला की कुठे पडला, कशानं पडला ते लिहितात. लपवत नाहीत. लिलीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. कॅप्टन लिली, सर्जिकल वॉर्ड. कावीळ नव्हे. दारूनं गेली. अंधारात, हलत्या गाडीत जवानाची नस पहिल्या सुईला शोधायची. अशी सिस्टर मी पुन्हा पाहिली नाही.

रविवारी ये. फाटकात थांबू नकोस, आत ये. तिसरीच्या त्या वर्गात बाई म्हणून मी अजून एकटीच आहे गं. लवकर ये.