तलवारवाल्याची डोण

आमच्या मालकांच्या हातात शाहिरानं पोवाड्यात तलवार दिली, त्याचा राग मला अजून येतो. घरात पाल निघाली तरी मला, बायकोला, हाक मारणारा माणूस तो, त्याला कसली आलीय तलवार? त्यांच्या हातात कायम मोटेचा नाडा, तो जाड दोर, असायचा.

पाली गावाच्या खालच्या अंगाला आमची विहीर. अर्धी आमची, अर्धी एका बड्या जमीनदाराची, म्हणून मोट पाळीनं चालायची. आमच्या पाळीला मालक आधी काठावरची दगडी डोण भरायचे, वाटेनं जाणाऱ्या धनगरांच्या मेंढरांसाठी, आणि मग पिकाला पाणी सोडायचे. मी कुरकुर करायची, "मिरची वाळायली अन् तुमी मेंढरं पाजता." ते हसायचे. "तुझं तोंड हाय तवर मिरचीला काय कमी हाय?" अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

जमीनदाराला ती डोण डोळ्यांत खुपायची. मेंढरं बांध तुडवतात म्हणायचा. एका उन्हाळ्यात आमच्याच पाळीला तो डोण फोडायला आला. मालक नाडा सोडून डोणीच्या आडवे उभे राहिले, हात जोडून. त्यानं कुऱ्हाड घातली ती त्यांच्यावरच.

खटला बीडला चालला तेव्हा केजपासून लोक गाड्या जुंपून ऐकायला आले. जमीनदाराला जन्मठेप झाली. पण धनगर भ्याले ते भ्यालेच, त्यांनी वाटच बदलली. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, कुनासाठी भरता आता? काढून टाका ती डोन." मी मात्र दर पाळीला बैल जुंपून डोण भरत राहिले. पाणी उन्हानं तापायचं, त्याला शेवाळ धरायचं. मी उपसून पुन्हा भरायची. एक मेंढरू फिरकत नव्हतं. माणूस तर गेलाच होता. डोणही गेली तर त्यांचं मागं काय राहणार, म्हणून जीव तुटायचा.

पुढं नारायणगडाच्या जत्रेला गेले, तर तिथं एक शाहीर डफावर मालकांचाच पोवाडा गात होता. पीळदार मिशा काय, तलवार काय, एकट्यानं धा जण लोळवले काय. डोणीचं नावसुद्धा नाही. माझं टाळकं फिरलं. पदर खोचला आणि गर्दीतून सरळ पुढं गेले.

"मी बायको हाय त्यांची. तलवार कुठं बगितली रं तू?"

त्याचा डफ थांबला. खाली मान घालून म्हणाला, "माय, तलवारीबिगर लोक थांबत न्हाईत."

खोटं नव्हता बोलत. लोक लई दाटून उभे होते. मला हसूही आलं आणि रडूही. म्हटलं, "ऱ्हाऊ दे मग तलवार. पन संगं पानी बी गा. पालीच्या खाली त्यांची डोन अजून भरलेली हाय, मेंढरं घिऊन या, असं गावोगाव गा."

त्यानं तिथंच दोन ओळी जुळवल्या आणि गाऊन दाखवल्या. पुढं तो कुठं गेला, त्या ओळी गायला की विसरला, मला काय ठाऊक. मी घरी येऊन डोण भरत राहिले.

उन्हाळा निम्मा सरला असेल. सकाळी विहिरीवर होते तर घुंगरं ऐकू आली. धनगर अनोळखी होता, लांबच्या मुलखातला. मालकांना त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मेंढरं मागं रोखून त्यानं दुरूनच विचारलं, "माय, तलवारवाल्या मालकाची डोन हीच का?"

मी नाडा धरून उभी होते.

"हीच," म्हणाले. "सोड मेंढरं."