दत्तूभाऊंच्या मागचे चेंडू

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होतो. दत्तूभाऊ गेले. चहा घ्यायला खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. मी ‘निघतो’ म्हणालो आणि पट्टी शेवटपर्यंत गुंडाळून मगच उठलो. तसं का केलं, ते पाच आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही.

भाऊ बासष्टचे, मी बावन्नचा. ज्या दुहेरी स्पर्धेत आम्ही नाव दिलं होतं तिथे दोघांच्या वयाची बेरीज किमान एकशे दहा लागते. आमची एकशे चौदा. मुंबईची नोकरी संपवून भाऊ आचऱ्याला परतले आणि घरामागच्या सड्यावर, उघड्या कातळावर, तांबडी माती दाबून त्यांनी टेनिस कोर्ट केलं. पावसाळ्यात त्यावर माडाच्या झावळ्या अंथरायच्या. मी जमीनमोजणीतला माणूस, म्हणून चुन्याच्या रेघा माझ्याकडे. चार वर्षं, आठवड्यातून तीन सकाळी, समोर कणकवलीहून येणारे तिशीतले दोन शिक्षक. भाऊंचं म्हणणं असं की आपल्या वयात पॉइंट मारायचा नसतो, समोरच्याला चुकायला वेळ द्यायचा असतो. सर्व्हिस जोरात नको, मधोमध हवी, म्हणजे त्यांना कोन मिळत नाही. अडलं की उंच लॉब, समोरच्याच्या डोक्यावरून मागे. एकदा मी बाजूच्या रेघेवर सणसणीत फटका मारला आणि त्यांच्याकडे पाहिलं. “बरो होतो रे अनंता,” ते म्हणाले, “आदीचे सात भायर गेले, ता पण लिव तुझ्या त्या वहीत.”

वहीत मी सगळंच लिहायचो. गेल्या गणपतीनंतर भाऊंनी बेत बदलला. “मी जाळीकडे रवतंय. माझ्या डोक्यावरसून गेलो तर तो तुझो.” बेत चालला. मी मागून तिरका धावून चेंडू काढायचो, ते पुढे उभे राहून संपवायचे, आणि आम्ही त्या शिक्षकांना हरवू लागलो. पूर्वी डोक्यावरून गेलेल्या वीस चेंडूंतल्या बारा-तेरांमागे भाऊ जात. दिवाळीत सात. माघात दोन. त्या दोनपुढे माझ्या अक्षरात शेरा आहे : ‘मोह टाळला. निवड उत्तम.’

शेवटच्या गुरुवारी मी दमलो होतो. “भाऊ, एखादा तरी तुम्ही घ्या,” मी जरा तुटकच म्हणालो. पुढच्या लॉबमागे ते गेले. पोचले नाहीत. मग बुटाची नाडी बांधायला खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले... नाडी सुटलेली नव्हती. ते मी पाहिलं, आणि सर्व्हिसला जाऊन उभा राहिलो.

बाराव्याला वैनींनी सांगितलं. “डॉक्टरान ह्यांका धावूक नको म्हणून सांगितल्यान. पण खेळूक नको म्हणूक नाय, असा हे म्हणत.”

“कधी सांगितलं?”

“गणपती झाल्यार. तुमका सांगलंय तर तुम्ही मोजीत बसतलास, म्हणून माका गप रवूक सांगितल्यानी.”

तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, एका चेंडूने कुणी जात नाही, आणि गुरुवार नि रविवार यांत तीन दिवस आहेत. तेही मी मोजून पाहिलं. वैनी गप्प होत्या, पण तेरा, सात, दोन असा उतरता हिशेब माझ्या स्वतःच्या हाताने मांडलेला होता, आणि मी त्याला डावपेच समजत होतो.

गेल्या आठवड्यात देवगडच्या एका साठीच्या गृहस्थांबरोबर खेळलो. बेरीज एकशे बारा. पहिलाच लॉब त्यांच्या डोक्यावरून गेला आणि मी चेंडूच्याही आधी निघालो होतो. ते मागे सरून रॅकेट उचलून तयार, मी त्यांच्या अंगावर.

“अहो, माझो तो,” ते हसत म्हणाले. “तुम्ही खंय धावतास?”

माफी मागितली. दुसऱ्या वेळी पुन्हा निघालो, तिसऱ्या वेळीही. नंतर त्यांनी हसणं सोडलं.

घरी येऊन वही उघडली. त्यांच्या डोक्यावरून अकरा. ते पोचले अकरा. मी धावलो, अकरा.