कफीलची विलायत

सौदीतल्या खमीस मुशैतमधलं बॅगांचं दुकान मी घाम गाळून उभं केलं, पण कागदोपत्री ते माझ्या कफीलचं, म्हणजे ज्यांच्या जामिनावर मी तिथे राहतो त्या सौदी मालकाचं. विक्रीला सौदी माणूसच हवा असा नियम आला, तेव्हा ते स्वतः गल्ल्यावर बसले आणि मी मागच्या गोदामात गेलो.

घासाघीस त्यांना येत नसे. गिऱ्हाईक इंग्लंडला निघालंय असं कळलं, की दाढी कुरवाळत सुरू होत. "राजवाडा? कुंपणाबाहेरून बघायचा. तिथला शिपाई तोंडावर हसलं तरी चिडत नाही. आमचा हा गोदामातला तिथे घटकाभर टिकणार नाही. आणि माळावर दगड उभे आहेत, त्याला तिकीट. आपल्या डोंगरात फुकट आहेत." गिऱ्हाईक हसे आणि बॅग न घेताच जाई. मी आत धुमसत राही.

एके दिवशी ठरवलं, आज गल्ला परत मागायचा, नाहीतर कायमचं रत्नागिरीला जायचं. बाहेर आलो, तर समोर एक माणूस उभा. बायकोला उपचारासाठी लंडनला नेत होता. कफीलनी थट्टा केली नाही.

"भेटायची वेळ संपली, की इस्पितळाच्या दारात बसू नकोस," ते हळू म्हणाले. "राजवाडा बघ, दगड बघ, काहीही बघ. मी चार उन्हाळे तेच केलं."

पुढे काय झालं, ते त्या माणसाने विचारलं नाही. मीही नाही.

"सदीक," दोस्ता अशी हाक मारत कफील माझ्याकडे वळले, "हलकी बॅग काढ. चाकं बघून दे."

मी चाकं फिरवून पाहिली आणि बॅग दिली. भांडण दुसऱ्या दिवशी केलं.