फुल चार्ज, पंचेचाळीस किलोमीटर आणि दाभोशाची गिरणी

९ फेब्रुवारी २००८, शनिवार, सकाळचे सहा. नाशिकला आमच्या चाळीसमोर मी गाडीची पुढची सीट उचलून टॉर्चच्या उजेडात बॅटऱ्यांमधलं पाणी तपासत होतो. आदल्या रात्रीही तपासलं होतं. बाबा काठी घेऊन ओट्यावर तयार बसले होते. म्हणाले, "तू तिला पाणीच पाजत बस. मी एसटीनं पोचतो." गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ज्यांच्याकडे विजेवरची अशी छोटी गाडी आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी शाळा नववीत सुटली, आता टायपिंगच्या दुकानात काम करतो. दीड वर्षापूर्वी पुण्याच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी जुनी घेतली ती एकाच कारणासाठी, की बाबांना जव्हारजवळ दाभोशाला आत्याकडे नेता यावं. तेव्हा ती फुल चार्जवर सत्तर किलोमीटर जायची, आणि दाभोसा शंभराच्या वर, म्हणून निघणं लांबतच गेलं. मग साठ, मग पन्नास, आता पंचेचाळीस. काटा फुल दाखवतो, चार्जरचा दिवा हिरवा होतो, तरी पंचेचाळीसला गाडी थकते. एक गॅरेजवाला म्हणाला सगळ्या आठ बॅटऱ्या बदला, दुसरा म्हणाला चार्जर बदला, तिसरा म्हणाला गाडीच बदला. बॅटऱ्यांचा खर्च ऐकून मी पंचवटीतल्या एका किराणा दुकानदाराकडून पाचशे रुपये बयाणा घेतला. सोमवारी संध्याकाळी तो गाडी न्यायला येणार होता. बाबांचं म्हणणं पडलं की त्याआधी एकदा दाभोशाला जाऊन येऊ. गाडीनं नेलं आणि परत आणलं, तर विकायची की नाही ते पुन्हा बघू. नाहीतर गेली.

त्र्यंबकपर्यंत अठ्ठावीस किलोमीटर रस्ता चांगला आहे. तिथे एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकानं वीस रुपये घेऊन पंख्याच्या बोर्डाशेजारचा मोठा प्लग दिला. तीन तास थांबलो, मिसळ खाल्ली. (मिसळ पंधरा रुपये, पाव जास्त मागितला तर दोन रुपये वेगळे.) व्यवस्थापक दर अर्ध्या तासानं येऊन मीटरकडे आणि मग माझ्याकडे बघून जात होता.

पुढे तोरंगणचा घाट उतरायचा. या गाडीत उतारावर पाय उचलला की थोडी वीज बॅटरीत परत जाते. काटा जरासा वर सरकलेला बाबांना दिसला आणि त्यांना हसू आलं. "उताराला सुटे पैसे परत देते होय ही?" मला हसू येईना. उतरताना प्रत्येक वळणावर मी सोमवारचा चढ डोळ्यांपुढे आणत होतो. दुपारी मोखाड्याला पोचलो. बसस्टँडजवळच्या खानावळीच्या वर खोली दीडशे रुपयांत मिळाली. भारनियमन कडक आहे, पण रात्री वीज असते. खिडकीतून वायर खाली सोडून चार्जिंग लावलं. ज्यांना जायचं असेल त्यांनी लांब आणि जाड वायर जवळ ठेवावी, बारीक वायर तापते.

रविवारी सकाळी फुल चार्ज घेऊन निघालो. मोखाडा ते जव्हार सुमारे तेवीस किलोमीटर. साग उघडा झाला होता आणि मधेच एखादा पळस पेटल्यासारखा दिसत होता. प्रवाशांनी भरलेली एक जीप आम्हाला मागे टाकून गेली आणि टपावर बसलेल्या पोरांनी बराच वेळ हात हलवले. जव्हारला वीज नव्हती, दुपारी येणार होती. काटा निम्म्याच्या खाली आणि दाभोसा अजून वीसेक किलोमीटर. मी म्हणालो थांबू या. बाबा म्हणाले, दाभोशाला गिरणी आहे, गिरणीवर वीज आली की सगळ्यांना कळतं, चल.

शेवटचे चार किलोमीटर लाल दिवा लागलेला होता. पंखा बंद, हॉर्न नाही, वेग सायकलचा. बाबांनी काठीसुद्धा मांडीवरून उचलून हातात धरली होती, जणू तेवढंच वजन कमी. आत्याच्या दारापर्यंत गाडी गेली नाही. गिरणीसमोरच्या चढाला थांबली ती थांबलीच. लोकांनी ढकलून गिरणीच्या सावलीत आणली. आत्या पदराला हात पुसत आली, बाबांना खाली उतरवलं आणि म्हणाली, "दोन साल झाली. मी म्हणलं, आता माझे भावाला फोटोतच बघायचा."

गिरणीबाहेर नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पाट्या आणि डबे रांगेनं मांडलेले होते. तिथली रीत अशी, की बायका सकाळीच पाटी ठेवून कामाला जातात आणि वीज आली की येतात. पाटी हललेली चालत नाही. बाराला वीज आली आणि चारला जाणार होती. मी गिरणीवाल्याला प्लग मागितला. वाघ्यादादा त्याचं नाव, कानामागे विडी. तो म्हणाला, माझी मोटर आणि तुझी गाडी एकत्र चालली तर मोटर तापते. एकच काहीतरी. आणि गाडीला नंबर लावावा लागेल.

आत्यानं आपली पाटी उचलली आणि तिच्या जागी मला उभं केलं. मागची एक बाई, ढाकलीबाई, म्हणाली, "नंबर घे ना. पण तुझी गाडी किती पायल्या खाते ते सांग पहिलं."

मी प्रामाणिकपणे सांगितलं की जव्हारपर्यंत जाण्याइतकं चार्जिंग व्हायला तीन तास तरी लागतील. सगळ्या हसल्या आणि मग आपापल्या पाट्यांकडे बघू लागल्या. चार तासांतले तीन गेले तर रात्रीच्या भाकरीचं पीठ कोणाचं होणार? मला वाटलं, इथेच संपलं. दुकानदाराला फोन करून सांगावं की गाडी दाभोशाहून टेम्पोत घालून ने.

तेवढ्यात ढाकलीबाईनं ओट्यावर बसलेल्या बाबांकडे नीट बघितलं. बाबा नोकरीतली बारा वर्षं तिथल्या आश्रमशाळेत शिपाई होते. "ह्यो घंटीवाला बाबा ना? मला अंघोळीचं गरम पाणी चोरून द्यायचा तो?" बाबा म्हणाले, चोरून नाही, उरलेलं असायचं. मग ती वाघ्यादादाकडे वळली. जात्याच्या दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या, हे काम त्यानं दिवाळीपासून टाळलं होतं. पीठ रवाळ पडतं, भाकरी थापताना चिरते, असं त्या रोज सांगत होत्या. वीज असली की तो म्हणे आता दळायचं आहे, आणि वीज गेली की जव्हारला बाजारात.

"आज लाव टाकी," ती म्हणाली. "तू दगड ठोक, तवर बाबाची गाडी खाऊ दे. आम्ही आजचे दिवस हातानं दळू. उद्या पीठ बारीक पडलं पाहिजे, नाही तर तुझी विडी मीच दळीन."

वाघ्यादादा पुटपुटला, पण त्यानं पट्टा उतरवला. ढाकलीबाई आणि दोघीतिघी पाट्यांतली थोडी थोडी नागली काढून घरी गेल्या. पाट्या तिथेच, रांगेत.

गाडी लावून मी धबधबा बघायला गेलो. फेब्रुवारीतही पाणी बऱ्यापैकी होतं. पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावा. परतलो तेव्हा गिरणीत छिन्नी चालू होती आणि आत्या-बाबा एका ताटात जेवत होते. वाघ्यादादानं विजेचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, दगडाला धार आली ना.

संध्याकाळी जव्हार गाठलं तेव्हा काटा लालच्या जरा वर होता. लॉज अडीचशे रुपये, खोली स्वच्छ, प्लग ढिला. सोमवारी मोखाड्याला दहा रुपयांत पुन्हा चार्ज भरून घेतला आणि घाट चढलो. मागे ट्रक आला की मी बाजूला थांबत होतो, नुसतं थांबायला वीज लागत नाही. माथ्यावर आलो तेव्हा बाबा झोपलेले होते. त्र्यंबकला थोडा चार्ज घेऊन अंधार पडताना घरी.

दीड वर्ष मी सत्तरातून पंचेचाळीस वजा करत बसलो होतो. या वेळी रस्त्याशी तुलना केली. नाशिक-त्र्यंबक अठ्ठावीस, त्र्यंबक-मोखाडा तेहतीसच्या आसपास, मोखाडा-जव्हार तेवीस, जव्हार-दाभोसा वीस. एकही टप्पा पंचेचाळीसच्या वर नाही. बॅटऱ्या आणखी खाली जातील हे मला माहीत आहे आणि त्याची काळजीही आहे. पुढच्या महिन्यापासून एकेक बॅटरी वेगळी तपासून घेणार आहे, कदाचित एकच कमजोर निघेल.

दुकानदार ओट्यावर वाट बघत बसला होता. मी काही बोलायच्या आत बाबांनी त्याला सांगितलं, "होळीला बहिणीकडे जायचंय. गाडी लागणार."

एकूण खर्च सातशे रुपये. राहण्याचे चारशे, खाण्यापिण्याचे दोनशे चाळीस, चार्जिंग आणि बॅटरीचं पाणी मिळून साठ. देणं पाचशे रुपये, दुकानदाराचा बयाणा. तो प्रवासातच खर्च झाला. पगार झाला की नेऊन देणार आहे.